दोन मॉनिटर आणि जुनं विंडोज : दुकानासाठी व्हर्च्युअल मशीन कोणतं घ्याल?

लग्नसराई जवळ आली की वडगाव, कामशेतकडच्या डीटीपीवाल्यांचा एक प्रश्न हमखास येतो. नवा कॉम्प्युटर विंडोज ११ चा, पण पत्रिकांच्या सगळ्या जुन्या फाइल्स पेजमेकर आणि जुन्या श्रीलिपीतल्या. नव्या मशीनवर ते धड चालत नाही. मग विंडोज ७ नव्या कॉम्प्युटरच्या आतच चालवायचं. ह्यालाच म्हणतात व्हर्च्युअल मशीन.

आता दुसरा मॉनिटर. एकावर आपलं काम, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाला प्रूफ. मामाचं नाव चुकलं तर पाचशे पत्रिका रद्दीत जातात, म्हणून हा खर्च मला पटतो. पण आधी एक सांगतो. नुसतं प्रूफच दाखवायचं असेल, तर पीडीएफ काढा, शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणा आणि दुसऱ्या मॉनिटरवर उघडा. पुढची खटपटच नको. पेजमेकरच दोन्ही स्क्रीनवर पसरायचा असेल तर पुढे वाचा.

हायपर-व्ही विंडोज होममध्ये मिळत नाही. प्रोमध्ये आहे, पण त्याची जास्त मॉनिटरची सोय आत विंडोज ७ असेल तर चालत नाही. म्हणजे आपल्या कामाचं नाही.

व्हर्च्युअलबॉक्स चांगलं आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरची संख्या २ करा, व्हिडिओ मेमरी वाढवा, आत गेस्ट ॲडिशन्स टाका. दुसरा स्क्रीन वेगळ्या विंडोत उघडतो. मूळ प्रोग्रॅम धंद्यालाही फुकट आहे, पण एक्स्टेन्शन पॅक धंद्याला फुकट नाही. दुकानात तो टाकू नका.

माझी पसंती व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. नोव्हेंबर २०२४ पासून ते धंद्यासाठीही मोफत झालं. व्हीएमवेअर टूल्स टाकले की फुल स्क्रीनमध्ये एका बटणावर दोन्ही मॉनिटर घेतं. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमचं खातं काढावं लागतं, तेवढाच वैताग.

मॉनिटर शक्यतो एकाच रिझोल्युशनचे घ्या. एकाचं स्केलिंग १००, दुसऱ्याचं १२५ टक्के असलं की अक्षरं धूसर दिसतात. रॅम १६ जीबी असू द्या. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, म्हणून त्याचं नेटवर्क बंदच ठेवा. त्याचं लायसन्सही वेगळं लागतं. आणि सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक असेल, तर जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी तो लॉक आत ओळखला जातो का, ते तपासा.