पेनड्राइव्ह बूटेबल करताना : 'स्टार्ट' दाबण्याआधी दोनदा बघा

हा लेख लिहायचा मला पूर्ण हक्क आहे, कारण यातली सगळ्यात मोठी चूक मी स्वतः करून बसलोय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना थोडा अडखळतो. तेवढं सांभाळून घ्या.

तर झालं असं. माझ्या रूम पार्टनरचा लॅपटॉप फारच रडायला लागला होता. त्याच्या वडिलांनी लासलगावला कांद्याची पट्टी झाली तेव्हा तो सेकंडहँड घेऊन दिलेला. त्यात विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. याच्याकडे दोन्ही नाही. पण रॅम ४ जीबी, कीबोर्ड चांगला, स्क्रीन शाबूत. असं मशीन भंगारात कशाला घालायचं? लिनक्स टाकू, मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम आहे."

माझ्या टेबलावर दोन पेनड्राइव्ह होते. दोन्ही १६ जीबी, एकाच कंपनीचे, दोन्ही काळे. एक माझा रिकामा, एक त्याचा. दोन्ही मशीनला लावलेले. यादीत दोन नावं दिसली, मी घाईत एकावर क्लिक केलं. 'सगळा डेटा नष्ट होईल' अशी सूचना आली, तीही न वाचता ओके केली. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये त्याच्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दिवाळीत गावी गेला तेव्हा त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या अकरा फाइल्स. आजी त्यानंतरच्या पावसाळ्यात गेल्या. फोनही मध्ये बदलला होता. दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी काम नीट समजून घेऊ.

बूटेबल म्हणजे नक्की काय?

बऱ्याच जणांना वाटतं, आयएसओ फाइल डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली की झालं. तसं होत नाही. आयएसओ म्हणजे अख्ख्या सीडीची हुबेहूब प्रत एकाच फाइलमध्ये. ती नुसती कॉपी केली तर पेनड्राइव्हवर एक बंद पेटी पडून राहते. कॉम्प्युटर चालू होताना ती पेटी उघडत बसत नाही.

पॉवर बटन दाबल्यावर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. बायोस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि तिथे सापडलेला कोड चालवतो. यूईएफआय मात्र फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला भाग शोधतो, त्यात 'ईएफआय' नावाचा फोल्डर, त्याच्या आत 'बूट' फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल. ती मिळाली की पुढचा कारभार तिच्याकडे. थोडक्यात काय, पाहुणा ठरलेल्या दारातच उभा पाहिजे. पेनड्राइव्ह बूटेबल करणे म्हणजे पेटी उघडून सामान योग्य दारात मांडून ठेवणे.

काय काय लागेल?

८ जीबी किंवा जास्त क्षमतेचा पेनड्राइव्ह, चालू स्थितीतला दुसरा कॉम्प्युटर, आयएसओ फाइल, आणि रुफस नावाचा छोटा मोफत प्रोग्राम. रुफस फक्त विंडोजवर चालतो. आम्ही लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. ती हलकी आहे, फाइल साधारण तीन जीबी, आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. मराठीसुद्धा निवडता येते. आपल्याकडचंच हवं असेल तर सी-डॅकचं 'बॉस' लिनक्स आहे. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी संस्थेने ते २००७ मध्ये आणलं. ते डेबियनवर आधारलेलं आहे आणि त्यात मराठीसकट भारतीय भाषांची सोय आहे. पेनड्राइव्ह बनवायची पद्धत तीच.

कृती

१) बॅकअप घ्या. पेनड्राइव्हचाही आणि ज्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करायचं त्याचाही. लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी वहीत लिहून ठेवा.

२) आयएसओ अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. हॉस्टेलचं नेट मध्येच तुटतं, फाइल अर्धवट येते आणि इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर मान टाकतं. म्हणून चेकसम तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' ही कमांड एसएचए-२५६ चेकसम काढून देते. ते ६४ अक्षर-आकडे अधिकृत यादीशी जुळले पाहिजेत. एकही वेगळा निघाला तर फाइल पुन्हा उतरवा.

३) बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढून टाका. एकच ठेवा. ही पायरी मी खाल्ली होती.

४) रुफस उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा. पार्टिशन स्कीम विचारेल. विंडोज ८ (२०१२) पासूनच्या बहुतेक मशीनसाठी जीपीटी, त्याआधीच्या बायोसवाल्यांसाठी एमबीआर. बाकी सेटिंग आहे तसं राहू द्या.

५) आता थांबा. ड्राइव्हचं अक्षर, नाव आणि साइज 'धिस पीसी'मध्ये जाऊन पडताळा. आत काय आहे ते उघडून बघा. मगच स्टार्ट. रुफसने मोड विचारला तर आयएसओ मोड घ्या.

६) पूर्ण झाल्यावर ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढा. ज्या लॅपटॉपवर टाकायचंय त्याला लावा, चालू करताना बूट मेन्यूची की दाबा. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसला एस्केप.

७) मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालतं. वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का ते बघा. इन्स्टॉल सुरू करेपर्यंत हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' आणि 'शेजारी इन्स्टॉल' हे पर्याय येतात. पहिल्यात जुनं सगळं जातं. नीट वाचा.

ज्यांच्याकडे आधीच लिनक्स आहे ते टर्मिनलमध्ये 'डीडी' कमांड वापरतात. ती कसलीच खात्री विचारत नाही. एक अक्षर चुकलं तर पेनड्राइव्हऐवजी स्वतःची हार्ड डिस्क साफ. आधी 'एलएसबीएलके' कमांडने साइज बघितल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

आणि चूक झालीच तर?

पहिली गोष्ट, हात थांबवा. त्या ड्राइव्हवर एकही नवी फाइल टाकू नका. क्विक फॉरमॅट सगळी जागा पुसत नाही, कुठे काय आहे याची यादी तेवढी जाते. जिथे नवं लिहिलं गेलं ते मात्र कायमचं गेलं. आमच्या १६ पैकी सुमारे तीन जीबीवर मिंट बसलं होतं, बाकी जागा तशीच होती. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम अशा जागेत फाइलच्या सुरुवातीची खूण शोधत जातो. सापडलेल्या फाइल्स नेहमी दुसऱ्या डिस्कवर साठवायच्या.

रात्री साडेअकराला सुरू केलं. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो, तो माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. अकरापैकी सात फाइल्स मिळाल्या. नावं गेली, नुसते आकडे. कुठली ओवी कुठली ते तो ऐकून ऐकून लावत होता. चार गेल्या त्या गेल्याच.

त्याचा लॅपटॉप आता मिंटवर मस्त चालतोय. मिनी प्रोजेक्टही त्यावरच झाला. त्या सात फाइल्स तीन ठिकाणी ठेवल्यात, त्यातली एक कॉपी माझ्याकडे आहे, त्यानेच दिली. आमच्या रूममध्ये आता प्रत्येक पेनड्राइव्हवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने नाव लिहिलेलं असतं. कोणाला इन्स्टॉलसाठी मदत हवी असेल तर दुसऱ्या मजल्यावर या. येताना आधी बॅकअप घेऊन या, नाहीतर मी हात लावणार नाही.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)