इंजिन रेस झाले तर

भाद्रपद महिना होता. उदगीरकडच्या एका गावात सोयाबीन शेंगांवर आले होते. एक तरुण शेतकरी पाठीवर पेट्रोलचा पंप घेऊन फवारणी करीत होता. एकाएकी इंजिनाचा आवाज वाढला. त्याने हातातली मूठ कमी केली, तरी आवाज कमी होईना. बंद करायचे बटन दाबले, तरी इंजिन थांबेना. पाठीशी तापलेले इंजिन आणि टाकीत विषारी औषध! तो घाबरून पळत सुटला. औषध अंगावर सांडू लागले.

त्याची आई धुऱ्यावर उभी होती. ती ओरडली, "अरे, पळतोस कामून? आधी पंप खाली ठेव!"

त्याने पट्टे सोडले आणि पंप खाली ठेवला. थोड्या वेळाने इंजिन बंद पडले. पिस्टन आत चिकटून बसला होता. औषध अंगावर गेले, खर्च अंगावर पडला आणि फवारणीही राहिली.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, इंजिनाला लई जोर आला होता. मग ते बसलं कसं?"

आम्ही म्हटले, "बाबा, तो जोर नव्हता. इंजिन उपाशी पळत होते."

हे कसे, ते नीट समजून घेऊ.

हे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असते. १९७२ साली निघालेली लुना गाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिचे इंजिनही याच जातीचे होते. या इंजिनात ऑईल वेगळे भरत नाहीत, ते पेट्रोलमध्येच कालवतात. म्हणजे पेट्रोल आत गेले, तरच वंगण आत जाते.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. पेट्रोल व हवा कार्बोरेटरमध्ये मापाने मिसळतात. पण कार्बोरेटरचे बोल्ट ढिले झाले किंवा मधले पॅकिंग फाटले, तर फटीतून जादा हवा आत शिरते. मूठ कमी केली तरी ही हवा थांबत नाही. इंजिन जोरात पळते आणि फार तापते. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. मग पिस्टन चिकटतो.

आता बटनाचे पाहा. बटन फक्त ठिणगी तोडते. त्या तरुणाच्या पंपाची तार शाबूत होती. पण इंजिन इतके तापले होते, की पेट्रोल ठिणगीवाचूनच पेटत होते. अशा वेळी बटन काय करणार? तेव्हा हवा तोडली पाहिजे. हवा तोडायची कळ म्हणजे चोक.

इंजिन रेस झाले तर काय करावे?

१. पळू नका. मूठ कमी करा आणि बटन दाबा.

२. इंजिन थांबले नाही, तर पट्टे सोडून पंप सपाट जागी उभा ठेवा. सायलेन्सरला हात लावू नका.

३. चोक पूर्ण लावा. हवा बंद होते, पेट्रोल जादा होते आणि इंजिन गुदमरून थांबते.

४. पेट्रोलचा कॉक असेल, तर तोही बंद करा. पण नुसत्या कॉकवर विसंबू नका. नळीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालते.

५. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका. चालत्या इंजिनाची प्लगची टोपी ओढू नका.

६. औषध अंगावर सांडले असेल, तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. चक्कर आली, मळमळले किंवा डोळ्यांना अंधुक दिसले, तर औषधाची बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखान्यात जा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तो जिल्हा आपल्या नांदेडला लागूनच आहे. हे विसरू नका.

दोष कसा शोधावा?

आधी औषधाची टाकी पाहा. ती रिकामी झाली की पंपावरचा भार कमी होतो आणि आवाज वाढतो. तो दोष नव्हे. पेट्रोल संपत आले तरी इंजिन क्षणभर रेस होते.

टाकीत औषध असेल, तर इंजिन थंड होऊ द्या. मुठीची केबल ओढून सोडा. ती झटकन मागे आली पाहिजे. तार कुसली असेल किंवा आत माती असेल, तर ती अडकते.

मग प्लग काढून पाहा. तो तांबूस तपकिरी असेल, तर ठीक. पांढरा पडला असेल, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असे समजा. कार्बोरेटरचे बोल्ट व पॅकिंग तपासा. पेट्रोलच्या टाकीतली जाळी धुवा. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक मोकळे करा. ते बुजले तरी पेट्रोल उतरत नाही. हे सर्व ठीक असेल, तर आतले ऑईल सील गेलेले असू शकते. ते काम मेकॅनिकचे. तोवर पंप चालवू नका.

ऑईलचे माप

पंपाच्या पत्रकात माप लिहिलेले असते. २५ ला १ लिहिले असेल, तर १ लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी ऑईल घाला. ५० ला १ असेल, तर २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका.

त्या तरुणाच्या पंपावर चोकची खूण होती. पण ती इंग्रजीत होती, म्हणून त्याने कधी तिकडे पाहिलेच नव्हते. आम्ही त्याला रंगाची डबी आणि काडी दिली. त्याने चोकजवळ बाण काढला आणि स्वतःच्या हाताने लिहिले: "हवा बंद". अक्षर थोडे वाकडे आले. पण आता त्याच्या आईलाही ते वाचता येते.

तुम्हीही आज आपल्या पंपावर हे दोन शब्द लिहा.

प्रश्न

१. बटन दाबूनही इंजिन का थांबले नाही?

२. चोक लावल्याने काय होते?

३. माप २५ ला १ आहे. २ लिटर पेट्रोलला किती ऑईल लागेल?