जनावरांची औषधे : चिठ्ठी, मात्रा आणि दुधाचा वर्ज्य काळ

दुभत्या गाईच्या कासेस सूज येते, सड कठीण होतो, धारेबरोबर दुधात गाठी उतरू लागतात. हा कासदाह होय. गावोगावी यास दगडी म्हणतात. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखाना दूर असतो आणि बाजाराच्या गावचे औषधाचे दुकान मात्र ओळखीचे असते. मागील खेपेस ज्या औषधाने गुण आला त्याची रिकामी बाटली घरात जपून ठेवलेली असते. ती दाखवून तेच औषध आणले जाते आणि इंजेक्शन देण्याचा सराव असलेल्या कोणाकडून तरी ते टोचून घेतले जाते. दुसऱ्या दिवशी सूज ओसरते, तिसऱ्या दिवशी दूध पुन्हा घरात व संकलन केंद्रावर जाऊ लागते. वरवर पाहता या व्यवहारात कोणाचेच नुकसान झालेले नाही. परंतु रोगजंतू पुरते नष्ट झाले नाहीत, औषधाचा अंश दुधात उतरत राहिला आणि पुढील खेपेस हेच औषध लागू पडेल याची शाश्वती राहिली नाही.

रिकामी बाटली ही औषधाची चिठ्ठी नव्हे. कासदाह निरनिराळ्या जंतूंमुळे होतो आणि एका जंतूवर चालणारे औषध दुसऱ्यावर चालेलच असे नाही. गाय गाभण आहे काय, किती दिवसांची व्यालेली आहे, पूर्वी कोणते औषध दिले होते, या गोष्टींवरही निवड अवलंबून असते. म्हणूनच भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 अन्वये जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास देण्यात आला आहे. राज्य शासनाने परवानगी दिलेले पदविकाधारक किंवा प्रमाणपत्रधारक कर्मचारी किरकोळ सेवा देऊ शकतात. मात्र त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसारच.

औषधांच्या विक्रीचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 आणि त्याखालील 1945 च्या नियमांनी होते. अनेक प्रतिजैविके या नियमांच्या 'एच' अथवा 'एच-1' या अनुसूचीत मोडतात व ती चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. चिठ्ठी लेखी असावी, तीवर देणाऱ्याची सही व तारीख असावी, औषध जनावरासाठी असल्यास मालकाचे नाव व पत्ता असावा, एकूण किती औषध द्यावयाचे व त्याची मात्रा किती हेही लिहिलेले असावे, असे नियमात सांगितले आहे. पुन्हा औषध देण्याविषयी चिठ्ठीत उल्लेख नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळते. 'एच-1' अनुसूची मार्च 2014 पासून अमलात आली. तीमधील औषध विकताना दुकानदारास स्वतंत्र नोंदवहीत लिहून देणारा, घेणारा व परिमाण यांची नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठी मागणारा दुकानदार अडवणूक करतो असा समज खेड्यात आढळतो. खरे पाहता तो आपले कर्तव्य करीत असतो.

जनावरांच्या औषधाच्या बाटलीवर पाळीव जनावराच्या डोक्याचे चित्र आणि ते माणसांसाठी नाही अशी सूचना असते. अक्षरओळख नसलेल्यासही हे चित्र कळते. दुकानात ही औषधे माणसांच्या औषधांपासून वेगळ्या कपाटात ठेवण्याचा नियम आहे. घरी मात्र ती बहुधा एकाच कोनाड्यात, मुलांच्या खोकल्याच्या बाटलीशेजारी सापडतात. ती वेगळ्या पेटीत, कुलपात ठेवावीत.

मात्रेविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण चूक बहुधा येथेच होते. औषधाची मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांतील गवळाऊ जनावरे सडपातळ, चपळ व तुलनेने हलकी असतात. संकरित गाय त्याहून बरीच भारी असू शकते. संकरित गाईस दिलेली मात्रा गवळाऊ कालवडीस देणे योग्य नाही आणि कालवडीची मात्रा मोठ्या गाईस अपुरी पडते. अपुऱ्या मात्रेने दुबळे जंतू तेवढे मरतात, चिवट मागे राहून वाढतात. वजनकाटा गोठ्यात नसतो, तथापि साध्या फितीने अदमास घेता येतो. पुढील पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंत लांबी इंचांत मोजावी. घेरास घेराने गुणून पुन्हा लांबीने गुणावे व 300 ने भागावे. उत्तर पौंडांत मिळते. त्यास 2.2 ने भागले की किलोग्रॅम होतात. घेर 60 इंच व लांबी 50 इंच असेल तर वजन 600 पौंड, म्हणजे सुमारे 272 किलोग्रॅम भरते. हा आकडा पशुवैद्यकास सांगावा. मात्रा त्यांनीच ठरवावी. जितके दिवसांचा उपचार लिहिला असेल तितके दिवस तो पूर्ण करावा, मग दुसऱ्याच दिवशी गाय वैरण खाऊ लागली तरीही.

आता दुधाविषयी. वर्ध्यात गाईच्या दुधाच्या व्यवहाराची जुनी परंपरा आहे. जमनालाल बजाज यांनी 1941 साली येथे गोसेवेचे काम हाती घेतले आणि वर्ध्याचे गोरस भांडार गाईच्या दुधासाठी जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. अशा दुधात औषधाचा अंश असणे ग्राहकाच्या विश्वासाला बाधक होय. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही अशांना अल्प अंशही अपाय करू शकतो. दूध तापविल्याने तो अंश जाईलच असे नाही. कित्येकदा असे दूध विरजले असता दही नीट लागत नाही, कारण विरजणातील जंतूही प्रतिजैविकाने मरतात. परंतु दही लागले म्हणजे दूध निर्दोष, असा उलट अर्थ काढू नये.

यासाठी औषधाच्या वेष्टनावर वर्ज्य काळ दिलेला असतो. शेवटची मात्रा दिल्यानंतर इतके दिवस दूध, अंडी किंवा मांस खाण्यास वापरू नये, असा त्याचा अर्थ. एखाद्या औषधाचा काळ प्रयोगाने निश्चित झालेला नसेल, तर 2012 च्या दुरुस्तीनुसार तो दूध व अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि कोंबड्या व जनावरांच्या मांसासाठी किमान 28 दिवस धरावा लागतो. एकाच सडात औषध सोडले असले तरी चारही सडांचे दूध बाजूला काढावे, कारण औषध रक्तावाटे इतर सडांतही पोहोचते. आठवडाभराचे दूध टाकून देणे लहान शेतकऱ्यास जड जाते, हे नाकारता येत नाही. म्हणूनच धारेपूर्वी हात व कास धुणे, गोठा कोरडा ठेवणे आणि रोगी गाईची धार सर्वांत शेवटी काढणे, हा खर्च टाळण्याचा खरा मार्ग आहे.

पान्हा सोडविण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचण्याची चाल काही ठिकाणी आढळते. हेही चिठ्ठीचे औषध आहे. आणि दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक इंजेक्शन देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमानुसार अपराध आहे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर 2019 पासून खाद्योपयोगी जनावरे व कोंबड्यांसाठी पूर्णपणे वर्ज्य आहे.

औषधाचा प्रवास जनावराच्या मृत्यूनेही थांबत नाही. ताप व वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक अंगात असताना जनावर दगावले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे 2004 साली सिद्ध झाले. 1992 ते 2007 या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादेच उरली. उघड्यावरचे मृत जनावर काही तासांत साफ करणारा पक्षी गेल्याने ते काम भटक्या कुत्र्यांकडे आले. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकचे उत्पादन बंद करण्याचे आदेश 2006 मध्ये निघाले. त्यानंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये त्या इंजेक्शनाचे वेष्टन 3 मिलिलिटरपुरते मर्यादित करण्यात आले. पुढे 2023 मध्ये किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक आणि 2024 च्या अखेरीस निमेसुलाइड यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्झिकॅम हे गिधाडांस सुरक्षित आढळलेले आहे. पशुवैद्यकाकडून चिठ्ठी घेताना वेदनाशामक कोणते लिहिले आहे हे विचारून घ्यावे. आणि उपचार चालू असता जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.

उपचाराची नोंद गोठ्यातील पंचांगावर केली तरी पुरते. गाईचे नाव, औषध, शेवटच्या मात्रेची तारीख आणि दूध पुन्हा वापरण्याची तारीख एवढेच त्यात लिहावे. धार काढणारी व्यक्ती दुसरी असेल तर त्या तारखेपर्यंत गाईच्या शिंगास रंगीत चिंधी बांधून ठेवावी.