स्क्रिप्ट नाही, पण हिशोब आहे: सावेदादांकडून शिकूया निर्मात्याचं काम

या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय थोडा वेगळा आहे. किराणा, टेलरिंग, पोल्ट्री यांच्याबद्दल आपण बरंच बोललो. पण उधवा, तलासरी, डहाणू भागातली बरीच मुलं-मुली लग्नाचं शूटिंग करतात, रील बनवतात, ड्रोन भाड्याने देतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "सर, लग्नाचा सीझन संपला की काय करायचं?" आज त्याचंच एक उत्तर बघू. ते म्हणजे माहितीपट आणि स्क्रिप्ट नसलेल्या कार्यक्रमांचा निर्माता होणं. व्हिडिओत आकडे भरभर गेले, म्हणून इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

आधी फरक समजून घ्या

आपल्या शेजारी उंबरगावला रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेचं शूटिंग झालं होतं. १९८७ पासून ती दूरदर्शनवर लागली. तिथे संवाद लिहिलेले, कपडे ठरलेले, सेट उभारलेला. हे झालं स्क्रिप्टचं काम.

आता झी मराठीचं 'होम मिनिस्टर' आठवा. २००४ साली ते सुरू झालं. आदेश भावोजी घरी येणार, खेळ होणार, शेवटी पैठणी मिळणार, एवढं ठरलेलं. पण ती वहिनी काय बोलेल, सासूबाई कुठे हसतील, हे कुणी लिहून दिलेलं नसतं. याला स्क्रिप्ट नसलेला कार्यक्रम म्हणतात. माहितीपट याच घरातला भाऊ. फक्त तिथे खेळ आणि बक्षीस नसतं, लोकांचं खरं आयुष्य असतं.

मग संवाद लिहायचे नाहीत, कलाकार घ्यायचे नाहीत, तर निर्माता करतो तरी काय? यासाठी १२५ वर्षं मागे जाऊ.

सावेदादा: स्टुडिओवाला ते पहिला माहितीपटकार

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, सगळे त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत त्यांचा फोटो काढायचा धंदा होता, म्हणजे आपल्यासारखाच दुकानदार माणूस. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट होतं एक रुपया. हे नवं तंत्र सावेदादांनी पाहिलं आणि विलायतेहून कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. तेव्हाच्या साधारण १५ रुपयाला एक पौंड या दराने हिशोब केला तर हे जवळजवळ ३३० रुपये होतात. त्या काळी ही मोठी रक्कम होती.

१८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने केलेलं हे सुरुवातीचं चित्रीकरण. माकडांचा खेळ करणाऱ्या माणसावरही त्यांनी फिल्म केली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मुंबईत परतले. त्यांच्या स्वागताला गर्दी झाली आणि सावेदादा तिथे कॅमेरा घेऊन हजर होते. भारतातली पहिली बातमीपट-फिल्म म्हणून ही ओळखली जाते.

आता धंद्याच्या नजरेने बघा. कुस्ती कर, स्वागत शूट कर, असं सावेदादांना कुणी सांगितलं नव्हतं. ऑर्डर नव्हती, अ‍ॅडव्हान्स नव्हता. काय चित्रित करायचं हे त्यांनी ठरवलं, पैसे त्यांनी घातले, आणि फिल्म बिघडली असती तर नुकसानही त्यांचंच होतं.

कायदा निर्माता कुणाला म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याची व्याख्या आहे. साध्या भाषेत सांगायचं तर जो काम घडवून आणायला पुढाकार घेतो आणि त्याची जबाबदारी उचलतो, तो निर्माता. कॅमेरा कुणाचा, बटण कुणी दाबलं, यावर ते ठरत नाही.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या मुलांना माहीत नसते. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन तुम्ही फिल्म बनवली आणि वेगळा करार केला नाही, तर तिचा पहिला मालक पैसे देणारा असतो. प्रदर्शित झालेल्या फिल्मवर हा हक्क ६० वर्षं चालतो.

आता आपल्या भागाकडे या. बाहेरून कॅमेरेवाले येतात. कुणाला वारली चित्रं हवी असतात, कुणाला तारपा नाच, कुणाला विवळवेढ्याची महालक्ष्मीची यात्रा. त्यांना पाड्यावर नेणारा, बोली समजावणारा, कोणत्या घरात आधी विचारायचं हे सांगणारा आपलाच पोरगा असतो. सगळ्यात अवघड काम त्याने केलेलं असतं, कारण लोकांनी दार त्याच्या ओळखीवर उघडलेलं असतं. संध्याकाळी त्याला दिवसाची मजुरी मिळते आणि विषय संपतो.

मजुरी घेण्यात वाईट काही नाही, शिकायला ते काम कराच. पण दहा वर्षांनीही तेच करत असाल तर तुमच्या हातात स्वतःची एकही फिल्म नसेल. म्हणून वर्षातून एक तरी छोटं काम असं करा, ज्यात विषय तुमचा, परवानगी तुम्ही घेतलेली आणि मालकी तुमची.

पहिला धडा: दुकान बंद करू नका

सावेदादांना फिल्म धुवायला विलायतेला पाठवावी लागली. म्हणजे माल तयार, पैसा अडकलेला. त्यांनी काय केलं? प्रोजेक्टर घेतला आणि परदेशी फिल्म आणून त्यांचे खेळ लोकांना दाखवले. त्यातून रोकड फिरत राहिली. पुढे ते मुंबईच्या गेइटी थिएटरचा कारभार बघू लागले. म्हणजे बनवणं, दाखवणं आणि जागा चालवणं, तिन्ही बाजू त्यांनी अनुभवल्या.

माहितीपटाचा पैसा उशिरा येतो. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये आला, पण त्याचं काम १४ वर्षं चाललं होतं. एवढा काळ थांबायची ताकद सगळ्यांकडे नसते. म्हणून लग्नाचं शूटिंग, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, जे चालू आहे ते चालू ठेवा. त्यावर घर चालेल, आणि फिल्मची घाई होणार नाही.

दुसरा धडा: पैसे देणारा कोण, ते आधी ठरवा

या धंद्यात पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो.

एक, ऑर्डरचं काम. संस्था, शाळा, शेतकरी कंपनी, वापी-सिल्वासाचे कारखाने यांना स्वतःच्या कामावर दहा मिनिटांची फिल्म हवी असते. पैसा लवकर येतो, मालकी बहुतेक त्यांची.

दोन, प्रायोजक. दूरदर्शनवरचा 'सुरभि' आठवतो का? सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे सूत्रसंचालन करायचे, देशभरच्या कला-परंपरा दाखवायचे. अमूल त्याचा प्रायोजक होता आणि प्रेक्षकांची पत्रं लाखांनी येत. प्रायोजकाला प्रेक्षक हवा होता, कार्यक्रमाला पैसा. डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय मानांकन आहे. चिकूवर चार भागांची मालिका केलीत तर रोपवाटिका, चिकू चिप्सवाले, पर्यटन निवास, यांच्यापैकी कुणाला तो प्रेक्षक हवा असेल? यादी करा.

तीन, स्वतःचा पैसा घालून फिल्म बनवायची आणि नंतर दाखवण्याचे हक्क द्यायचे. जोखीम जास्त, पण मालकी तुमची. हक्क विकणं आणि ठरावीक काळासाठी वापरायला देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करारात कोणती लिहिली आहे ते वाचूनच सही करा.

तिसरा धडा: कोटेशन असं काढा

समजा, एका वारली चित्रकारावर दहा मिनिटांची फिल्म करायची आहे. चार दिवस शूटिंग. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्याकडचे दर तुम्ही घाला.

- आधीची माहिती, भेटीगाठी: ३,००० रुपये
- कॅमेरामन, ४ दिवस: १२,०००
- आवाज रेकॉर्ड करणारा, ४ दिवस: ८,०००
- गाडी, डिझेल: ८,०००
- जेवण-चहा: ४,०००
- दोन हार्ड डिस्क: ९,०००
- चित्रकार आणि कुटुंबाला मानधन: ५,०००
- एडिटिंग, ८ दिवस: २०,०००
- संगीत, सबटायटल: ६,०००

बेरीज ७५,०००. त्यावर अचानक खर्चासाठी १० टक्के, म्हणजे ७,५००. झाले ८२,५००. आता तुमची निर्माता म्हणून फी २० टक्के धरा, १६,५००. एकूण कोटेशन ९९,००० रुपये.

बरेच जण वरचे ७५,००० बघून "ऐंशी हजारात करतो" म्हणतात. दोन दिवस पाऊस लागला की फी गेली आणि वर खिशातून भरायची वेळ आली.

अजून एक बघा. एडिटिंग आणि संगीत सोडून बाकीचा खर्च शूटिंग संपेपर्यंतच होतो. तो किती? ४९,०००. तुम्ही ४० टक्के अ‍ॅडव्हान्स घेतला तर हातात ३९,६०० येतात, म्हणजे ९,४०० कमी. ५० टक्के घेतला तर ४९,५००, आणि शूटिंग पार पडतं. म्हणून अ‍ॅडव्हान्स किती मागायचा हे लाजून ठरवू नका, खर्चाच्या तारखा लावून ठरवा. उरलेले पैसे दोन हप्त्यांत घ्या: पहिला कच्चा एडिट दाखवल्यावर, दुसरा अंतिम फाइल देण्याआधी.

चौथा धडा: परवानगी म्हणजे नुसती सही नाही

स्क्रिप्टच्या कामात नट पैसे घेऊन रडतो. आपल्या कामात माणूस खरा रडतो. ते जगाला दाखवायचं की नाही, ही जबाबदारी निर्मात्याची. आणि बाहेरचा कॅमेरावाला शूटिंग झाल्यावर निघून जातो, तुम्हाला मात्र उद्या त्याच बाजारात उभं राहायचं असतं.

म्हणून परवानगीचा कागद मराठीत करा, सोप्या शब्दांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, गरज असेल तर वारली बोलीत समजावून सांगा. त्यात एवढं हवंच: फिल्म कशाबद्दल आहे, कुठे-कुठे दाखवणार, मोबदला किती आणि कधी, एखादा भाग नको असेल तर कोणत्या तारखेपर्यंत सांगता येईल, आणि तयार फिल्म त्यांना कधी दाखवणार. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर आई-वडिलांची परवानगी घ्या. पूजा, देव, घरातलं आजारपण यांचं चित्रण करण्याआधी पुन्हा वेगळं विचारा. चौकातली चित्रं, लग्नाचा चौक, हे काही सजावटीचं सामान नाही, त्यांच्या घरची श्रद्धा आहे.

कुणी नाही म्हणालं तर कॅमेरा खाली ठेवा. एका नकाराने एक सीन जातो. पण विश्वास गेला तर त्या पाड्यावरचं पुढचं सगळं काम जातं, आणि तुमच्याकडे विकण्यासारखी मुख्य गोष्ट तीच आहे.

पाचवा धडा: जपून ठेवा

दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सुद्धा आज पूर्ण उरलेला नाही. तुमच्या मेमरी कार्डचं काय सांगावं? रोज संध्याकाळी फुटेज दोन डिस्कवर कॉपी करा. एक डिस्क घरी, एक दुसऱ्याकडे. फाइलला तारीख, गाव, विषय अशी नावं द्या. आज एखाद्या आजीने गायलेलं लग्नातलं गाणं पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या हातून मिळणार नाही. पण ते वापरायचा हक्क परवानगीच्या कागदात लिहिलेला हवा, नाहीतर डिस्क भरून उपयोग नाही.

करिअरची शिडी

मोठ्या निर्मिती संस्थांत सुरुवात संशोधक किंवा सहायक म्हणून होते. लोक शोधणं, फोन करणं, नोंदी ठेवणं. मग प्रत्यक्ष जागेवरचं शूटिंग सांभाळणं, मग एका भागाची जबाबदारी, मग पूर्ण मालिकेची. पुण्याची एफटीआयआय १९६० पासून आहे, पण डिग्री नसली तरी या शिडीवर चढता येतं. मुंबईत माहितीपट आणि लघुपटांचा मिफ महोत्सव १९९० पासून भरतो. तिथे एकदा जा, दोन दिवस फक्त फिल्म बघा आणि निर्मात्यांशी बोला.

कागदपत्रांचं म्हणाल तर उद्यम नोंदणी मोफत आहे, आजच करा. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, हे लक्षात ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या ओळखीवर दार उघडेल अशी तीन माणसं किंवा ठिकाणं लिहा.
२. त्यातल्या एकावर पाच ओळींत विषय लिहा: कोण, काय करतो, त्याच्यापुढे आत्ता कोणता प्रश्न आहे.
३. वरच्या पद्धतीने खर्च काढा आणि अ‍ॅडव्हान्सची रक्कम ठरवा.
४. परवानगीचा कागद तयार करून घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा. त्यांना जिथे कळलं नाही, ते वाक्य बदला.
५. मग तीन मिनिटांची फिल्म मोबाइलवर करा आणि ज्याच्यावर केली त्याला सगळ्यात आधी दाखवा.

पुढच्या व्हिडिओत करार कसा वाचायचा ते ओळ-ओळ बघू. तोपर्यंत गृहपाठ करून ठेवा. वही कोरी असेल तर तो व्हिडिओ बघून फारसा फायदा होणार नाही. भेटूया!