गळाच्या काठीवरील दोऱ्याची बांधणी आणि तिचे रोगण



कडोदऱ्यात वाढणाऱ्या मुलाला दोरा म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे वडील, काका, मामा लूमवर, टीएफओवर नाहीतर डाईंगमध्ये कामाला आहेत. ‘डेनियर’ हा शब्द जेवताना कानावर पडतो. (९००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. आठवीच्या मुलांनी ही व्याख्या पाठ करून ठेवावी.) म्हणून या वेळच्या कार्यानुभवाच्या पाठासाठी आम्ही असे काम निवडले आहे, ज्यात दोऱ्याचे कापड होत नाही, पण सगळा भार दोराच पेलतो. हे काम म्हणजे गळाच्या काठीवर कड्या बांधणे आणि त्या बांधणीवर रोगण चढवणे.

तापीच्या काठी किंवा गावाकडच्या ओढ्यावर आपण पाहतो ती गळाची काठी साधी असते. वेळूच्या टोकाला तंगूस बांधला, त्याला गळ लावला, झाले काम. रीळ असलेल्या काठीची गोष्ट वेगळी. तिथे तंगूस काठीवर ओळीने बसवलेल्या कड्यांमधून धावतो. मोठा मासा ओढू लागला की काठी धनुष्यासारखी वाकते आणि प्रत्येक कडीवर ताण येतो. या कड्या काठीला कशा धरून ठेवायच्या? काठी आतून पोकळ, काचतंतूची किंवा कार्बनची असते. तिला भोक पाडले की ती तिथेच मोडणार. नुसत्या गोंदाने चिकटवले तर काठी वाकताच सांधा सुटतो. यावर जुना आणि अजूनही न बदललेला उपाय म्हणजे दोऱ्याचे वेढे. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीला सुतळ गुंडाळतात, त्याच घराण्यातली ही बांधणी.

इंग्रज अमदानीत बांबूच्या चिरफळ्या जोडून काठ्या बनवीत, त्यांवर रेशमी दोरा आणि वर व्हार्निश असे. हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे हिंदुस्थानातल्या गळ-मासेमारीवरचे पुस्तक लिहिले, तो काळ रेशमाचा. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे रेशमाची जागा त्याने घेतली. आज मुंबईत पवई तलावावर, जिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी लोकांची जुनी संस्था आहे, तिथे दिसणाऱ्या काठ्यांवर नायलॉन आणि इपॉक्सी हीच जोडी भेटेल.

आता प्रत्यक्ष बांधणी. कडीला दोन्ही बाजूंना चपटे पाय असतात. पायाचे टोक कानशीने घासून इतके पातळ करावे की त्यावर चढताना दोऱ्याला पायरी लागू नये. कडी चिकटपट्टीने तात्पुरती धरावी. दोऱ्याचे टोक काठीवर आडवे ठेवून त्यावरूनच पाच-सहा वेढे घ्यावेत, म्हणजे टोक दबते. उरलेले कापून टाकावे. मग काठी फिरवत राहावे, दोरा नव्हे. ताण सारखा राहावा म्हणून रीळ वाटीत ठेवून दोरा एखाद्या जाड पुस्तकाच्या पानांतून ओढून घ्यावा. वर्पिंगच्या खात्यात काम करणाऱ्या पालकांना यात नवे काही वाटणार नाही; ताण कमीजास्त झाला की बीमवर काय होते ते त्यांना आम्ही सांगायला नको.

शेवटचे टोक लपवण्याची युक्ती सुंदर आहे. सहा-सात वेढे उरले असता जाड दोऱ्याचा एक फासा काठीवर आडवा ठेवायचा आणि उरलेले वेढे त्यावरून घ्यायचे. मग दोरा कापून टोक फाशात ओवायचे आणि फासा ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांखाली जाऊन बसते. गाठ कुठेच नाही! मग सुटत का नाही? विहिरीवर बादली सोडताना दोर खुंटाला दोन वेढे देऊन धरला, तर मुलगासुद्धा भरलेली बादली पेलतो, हे खेड्यातल्या माणसाला ठाऊक आहे. घर्षण इथे बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२५ धरला तर एका वेढ्याने धरण्याची ताकद सुमारे ४.८ पट होते, आणि तीन वेढ्यांनी सुमारे १११ पट. म्हणजे एका टोकाला १० ग्रॅमचा आधार असेल तर दुसऱ्या टोकाला किलोभर ओढ सहज थोपते. दहावीच्या मुलांनी ४.८ चा घन करून पाहावा.

रोगणापूर्वी बांधणी नीट न्याहाळावी. वेढ्यांत फट दिसली तर चमच्याच्या गुळगुळीत पाठीने घासून ती बुजवावी. दोऱ्याचा बारीक तंतू उभा राहिला असेल तर तो आत्ताच काढावा. रोगणाखाली तो केसाएवढा असला तरी वर काट्यासारखा दिसतो, आणि नंतर उपाय उरत नाही.

यानंतर येते ती गोष्ट, जिने पहिल्यांदा काठी बांधणारा प्रत्येक जण दचकतो. पांढराशुभ्र किंवा पिवळाधमक दोरा बांधला, वर पारदर्शक इपॉक्सी लावले, आणि पाहता पाहता पांढरा दोरा काचेसारखा होऊन खालची काळी काठी व कडीचा पाय दिसू लागला. पिवळ्याचा मातकट झाला. रंग गेला कुठे?

रंग उडालेला नाही. हा प्रकाशाचा खेळ आहे. नायलॉनचा तंतू मुळात पारदर्शकच असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५३, आणि तंतूंमध्ये भरलेल्या हवेचा १. या दोन माध्यमांच्या सीमेवर प्रकाश परततो, विखुरतो, आणि अशा असंख्य सीमांमुळे दोरा पांढरा दिसतो. इपॉक्सीचा अपवर्तनांक सुमारे १.५५. त्याने हवेची जागा घेतली की तंतू आणि भोवतालचे माध्यम यांत प्रकाशाच्या दृष्टीने जवळजवळ फरकच उरत नाही. प्रकाश सरळ आत जातो आणि खालच्या काळ्या काठीत शोषला जातो. वर्तमानपत्रात भजी बांधून आणली की तेलाच्या डागातून पलीकडची अक्षरे दिसतात, ती याच कारणाने. ओले कापड गडद दिसते तेही यामुळेच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून तिथे परिणाम कमी. शाळेच्या प्रयोगशाळेत बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवून पाहा. दोघांचाही अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्यामुळे बुडालेली कांडी जवळजवळ नाहीशी होते.

इथे गिरणीचे ज्ञान कामी येते. सुताच्या बॉक्सवर ‘ब्राईट’, ‘सेमी डल’, ‘फुल डल’ असे लिहिलेले असते. डल करण्यासाठी सुतात टायटॅनियम डायऑक्साईडचे अतिसूक्ष्म कण घालतात. त्यांचा अपवर्तनांक २.५ च्या आसपास, इपॉक्सीपेक्षा खूपच जास्त. त्यामुळे असे कण भरपूर असलेला दोरा रोगणाखालीही आपला पांढरेपणा बराच राखतो, आणि ब्राईट दोरा काच होतो. घरी वडिलांना विचारून दोन्ही प्रकारांचे तुकडे मागून घ्या व एकाच काडीवर शेजारी शेजारी बांधून पाहा.

बाजारात रंग राखण्यासाठी एक पाण्यात मिसळलेले अ‍ॅक्रिलिकचे द्रावण मिळते. ते आधी लावले की तंतूंच्या फटी भरतात आणि इपॉक्सी आत शिरत नाही. मात्र ते पूर्ण वाळू द्यावे लागते, नाहीतर रोगणाखाली दुधाळ ढग दिसतात. शिवाय इपॉक्सी दोऱ्यात मुरलेच नाही तर पकडही तितकी खोल होत नाही. आमच्या मते पहिल्या काठीला काळा किंवा गडद निळा दोरा घ्यावा आणि या भानगडीत पडू नये.

इपॉक्सीत दोन भाग असतात, राळ आणि कठीणक. कित्येकांना वाटते की कठीणक म्हणजे विरजण. थोडे जास्त पडले तर लवकर लागेल. तसे नाही. इथे दोन्ही पदार्थ एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात जोडले जातात, आणि जो जास्त झाला तो तसाच उरून बांधणी कायमची चिकट राहते. म्हणून अंदाजाने न ओतता दोन वेगळ्या सिरिंजांनी, डब्यावर लिहिले असेल त्याच प्रमाणात मोजावे. दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे. फेटले की बुडबुडे शिरतात. मग लगेच पसरट ताटलीत ओतावे. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते; वाटीत साठलेले मिश्रण आपल्याच उष्णतेने तापून भराभर घट्ट होते, ताटलीत ती उष्णता निघून जाते आणि बुडबुडेही वर येऊन फुटतात. पाच मिनिटांत वाळणारे घरगुती अ‍ॅराल्डाईट यासाठी घेऊ नये. ते सपाट व्हायच्या आतच आवळते.

थर पातळ द्यावा आणि दोऱ्याच्या पलीकडे दोनेक मिलिमीटर काठीवर जाऊ द्यावा. पाणी शिरते ते बांधणीच्या काठाने आणि कडीच्या पायाशेजारच्या पोकळीतून. तिथे ब्रश मुद्दाम टेकवावा. पाणी आत गेले की पाय गंजतो, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी बांधणी आतून सुटते. रोगण लावल्यावर काठी आडवी ठेवून फिरवत राहिले नाही तर ते खाली ओघळून एका बाजूला पोट धरते. कारागीर यासाठी मिनिटाला काही फेरे घेणारी सावकाश मोटर लावतात. शाळेत कमी दाबाच्या विजेवर चालणारी अशी एक मोटर असावी, असे आम्ही विश्वस्त मंडळींना सुचवतो. भंगारातली २२० व्होल्टची मोटर उघड्या तारांनी जोडण्याचा उद्योग मुलांनी करू नये. मोटर नसेल तर दोन-तीन मुलांनी पाळी लावून दर दोन-तीन मिनिटांनी पाव फेरा द्यावा, आणि रोगण वाहायचे थांबेपर्यंत कंटाळू नये. त्यानंतर २४ तास हात लावायचा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कठीणकाचा ओलाव्याशी संयोग होऊन वर मेणचट साय धरते. हे काम दिवाळीनंतर काढावे हे बरे.

पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. कठीणक कातडीला लागू देऊ नये. वारंवार लागल्याने अ‍ॅलर्जी जडते आणि ती सहसा जात नाही. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ब्लेडचे काम मोठ्या माणसाने करावे. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर: कार्बनची काठी वीजवाहक असते. दोरा आणि रोगण तिला विजेपासून वाचवीत नाहीत. पलसाणा-बारडोलीकडे काकरापारच्या कालव्यांचे जाळे आहे आणि कालव्यावरून, उसाच्या शेतांवरून विजेच्या तारा गेलेल्या आहेत. तारांखाली लांब काठी उभी धरू नये, आणि ढग गडगडत असताना ती हातात घेऊच नये. काठी कुठलीही असो, कालव्याच्या भिंतीवर मुलांनी एकटे जाऊ नये.

सरावासाठी काठी विकत आणायची गरज नाही. वेळूची गुळगुळीत काडी, कडीऐवजी वाकवलेली जुनी सेफ्टी पिन आणि घरातल्या बॉबिनवरचा उरलेला दोरा पुरे. फाशाने टोक ओढून घेणे पाच वेळा न बिघडता जमले की मगच इपॉक्सीचा डबा उघडावा.