लेन्स घेण्याआधी

मने, नव्या लेन्ससाठी पैसे साठवतेयस म्हणे. साठव. रागवायला बसले नाहीये, आणि आईची वकिलीही करत नाहीये.

युद्धाचे फोटो काढणाऱ्या लिन्सी अडारिओचे फोटो तू पुन्हा पुन्हा बघतेस. 6 मार्च 2022 ला ती युक्रेनमधल्या कीवजवळच्या इरपिनमध्ये होती. माणसं जीव मुठीत धरून गाव सोडत होती आणि त्यांच्या वाटेवरच तोफगोळा पडला. एक आई, तिची दोन मुलं आणि त्यांना मदत करणारा चर्चचा स्वयंसेवक, चौघेही गेले. शेजारी चाकांची निळी बॅग आणि सॅक पडलेल्या. तिने ते टिपलं आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो फोटो पहिल्या पानावर छापला. नागरिकांना आम्ही लक्ष्य करत नाही, असं रशिया सांगत होता, त्याला हे उत्तर होतं. छापला ते योग्यच केलं, असं माझं मत. पण त्या मुलांचा बाप दूर होता. त्याने ट्विटरवर फोटो पाहिला आणि सामानावरून आपली माणसं ओळखली. तू काढलेला फोटोही असा कुणीतरी बघणार आहे, एवढं डोक्यात ठेवून बटण दाब.

लगेच युद्धावर निघायची घाई कशाला गं? रॉयटर्सचा छायाचित्रकार दानिश सिद्दिकी आणि त्याच्या सहकाऱ्यांना 2022 चं पुलित्झर मिळालं ते भारतातल्या कोविडच्या फोटोंसाठी. ते घ्यायला दानिश मात्र नव्हता. जुलै 2021 मध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाकला मारला गेला. रॉयटर्ससारखी मातब्बर संस्था पाठीशी असून! तुझ्यासारख्या फ्रीलान्सरला तर कुणी वालीच नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. तोही मानवी हक्कांचाच प्रश्न, आणि तिथे एसटी जाते. आधी कॅमेरा पिशवीत ठेवून त्यांच्या कोपीत बस. फोटो काढू का, हे विचारायला लाजू नकोस. नाही म्हणाल्या तर उठून ये.

आणि टिम हेदरिंग्टन, तोही युद्धाचे फोटो काढणारा. 20 एप्रिल 2011, लिबियातलं मिस्राता. जखम पायाला होती, पण दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त वाहून गेलं. रक्त थांबवायचं कसं, हे सोबतच्यांना ठाऊक असतं तर कदाचित वाचला असता, हे कळल्यावर त्याचा मित्र सबॅस्टियन युंगरने फ्रीलान्स पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी संस्थाच काढली.

तेव्हा लेन्स थांबू दे. सेंट जॉन अॅम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गाला आधी नाव घाल. फी मी भरते.