ध्वनिस्नान म्हणजे काय?

अलीकडे पुण्यामुंबईसारख्या शहरांत योगवर्गांच्या फलकांवर ‘साउंड बाथ’ असे शब्द दिसू लागले आहेत. बाथ म्हणजे स्नान. पण येथे पाणी नसते आणि कोणी भिजतही नाही. तासभर सतरंजीवर उताणे पडायचे, डोळे मिटायचे आणि वाडग्यांचा, घंटांचा, झांजेसारख्या मोठ्या थाळ्यांचा नाद ऐकायचा, एवढेच. आपण त्याला ध्वनिस्नान म्हणू. उद्या तुमची मावशी तुम्हाला अशा ठिकाणी घेऊन गेली, तर तेथे काय अनुभवाला येईल? आणि त्यातले विज्ञान किती, कल्पना किती?

या प्रकारासाठी प्रसिद्ध असलेली एक जागा अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, लँडर्स गावाजवळ आहे. तिचे नाव ‘इंटिग्रॅट्रॉन’. सुमारे ३८ फूट उंचीची आणि ५५ फूट व्यासाची ही घुमटाकार लाकडी इमारत जॉर्ज व्हॅन टॅसल या गृहस्थाने १९५० च्या दशकात बांधायला घेतली. शुक्रावरून आलेल्या पाहुण्यांनी आपल्याला ही युक्ती सांगितली, येथे माणसाला पुन्हा तरुण करता येईल, असे तो म्हणे. १९७८ साली तो वारला. तरुण कोणीच झाले नाही, पण घुमट मात्र आवाजासाठी फारच छान निघाला! विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. वक्र भिंतीवरून आवाज परततो, एकत्र येतो, आणि पलीकडच्या बाजूची कुजबुजही आपल्या कानाशी ऐकू येते.

या घुमटाच्या माडीवर लोक पडून राहतात आणि वाजवणारा क्वार्ट्झचे पांढरे वाडगे एकेक करून वाजवतो. दांडा काठावर दाबून गोल फिरवला की तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. व्हायोलिनचा गज तारेला असाच हलवतो. वाडगा कंप पावू लागतो आणि स्वर हळूहळू चढतो. या वाडग्यांना ‘क्रिस्टल बोल’ म्हणतात, म्हणजे स्फटिकाचे वाडगे. गंमत अशी, की ते स्फटिकाचे नसतातच. शुद्ध सिलिका वितळवून ते बनवतात, आणि वितळून थंड झालेल्या सिलिकेत अणूंची स्फटिकासारखी शिस्तशीर रचना उरत नाही. ती एक प्रकारची काचच होय. इलेक्ट्रॉनिक उद्योगात सिलिकॉनचे स्फटिक वाढवण्यासाठी जी मूस लागते, त्याच घराण्यातले हे वाडगे! या काचेत कंपनांची ऊर्जा फार सावकाश खर्च होते, म्हणून नाद बराच वेळ टिकतो.

धातूचे वाडगे ‘तिबेटी’ म्हणून विकले जातात. त्यांपैकी पुष्कळसे नेपाळमध्ये कासे ठोकून घडवलेले असतात. पाश्चात्य देशांत त्यांची आवड पसरली ती हेन्री वुल्फ व नॅन्सी हेनिंग्ज यांच्या १९७२ सालच्या ‘टिबेटन बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेनंतर. तेव्हा ‘हजारो वर्षांची प्राचीन विद्या’ हे शब्द जरा जपूनच ऐकावेत.

चहाच्या कपाचा प्रयोग

पडल्या पडल्या पहिली गोष्ट जाणवते ती अशी, की स्वर एकसारखा राहत नाही. ‘वॉव-वॉव-वॉव’ असा लहरत येतो. असे का, ते घरीच पाहा. कान असलेला चिनी मातीचा रिकामा कप घ्या. कानाच्या बरोबर समोर, काठावर चमच्याने हलकेच टिचकी मारा. मग तेथून अष्टमांश वर्तुळ, म्हणजे ४५ अंश, सरकून मारा. दुसरा स्वर किंचित उंच येईल. आणखी ४५ अंश सरकलात, की पुन्हा पहिला स्वर.

याचा उलगडा असा. काठ कंप पावताना त्याचे वर्तुळ एकदा आडवे, एकदा उभे लंबगोल होते. चार ठिकाणी काठ सर्वांत जास्त हलतो. हे प्रस्पंद. त्यांच्या मध्ये चार ठिकाणी तो आतबाहेर जवळजवळ हलत नाही. ते निस्पंद. कानासमोर टिचकी मारली की कान प्रस्पंदावर येतो आणि त्याचे ओझे हलवावे लागल्याने कंपने मंदावतात. ४५ अंशांवर मारली की कान निस्पंदावर येतो आणि ओझे जवळजवळ हलतच नाही. म्हणून एकाच कपाला दोन स्वर.

हाताने घडवलेल्या वाडग्याला कान नसतो, पण त्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे त्याच्यातूनही अगदी जवळजवळचे दोन स्वर एकदम निघतात. एकाची कंप्रता २५६ हर्ट्झ आणि दुसऱ्याची २६० असेल, तर आवाज सेकंदाला चार वेळा चढतो व उतरतो. यांनाच विस्पंद म्हणतात. तंबोरा जुळवताना दोन जोडीच्या तारांतली ही लहर जाईपर्यंत खुंटी पिळतात. ध्वनिस्नानात मात्र लोक तीच ऐकायला जातात.

दुसरी गोष्ट : डोके जरा हलवले, की आवाज एकदम मोठा किंवा लहान होतो. घाबरू नका. भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींना मिळून खोलीत स्थिर लहरी तयार होतात. २५६ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी हवेत सुमारे १३३ सेंटिमीटर, म्हणून मोठ्या आवाजाच्या जागेपासून लहान आवाजाची जागा साधारण ३३ सेंटिमीटरवर. आवाज कोणत्या दिशेने येतो तेही कळेनासे होते, आणि तो जणू आपल्या डोक्यातच वाजतो आहे असे वाटते.

आता दाव्यांकडे वळू. ‘शरीरात पाणी असते, म्हणून नाद पेशीपेशीत शिरतो’ असे सांगितले जाते. पण हवेतून पाण्यावर आदळणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी हजारातला जेमतेम एक भाग आत जातो. बाकीची परत फिरते. वाडगा थेट छातीवर ठेवला तर कंपने नक्की जाणवतील, पण जाणवणे निराळे आणि रोग बरा होणे निराळे. ‘४३२ हर्ट्झ ही सृष्टीची कंप्रता’ हेही तसेच. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन, आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद करायचे हे माणसाने ठरवले. दिवसाचे एक लाख भाग केले असते, तर त्याच स्वराला सुमारे ३७३ म्हटले असते.

मग बरे वाटते ते खोटे का? मुळीच नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६२ जणांनी वाडग्यांचा नाद ऐकला. नंतर त्यांचा ताण, राग, थकवा कमी झाल्याचे दिसले. अडचण एवढीच, की तितकाच वेळ नुसते शांत पडून राहणारा तुलनेचा गट त्यात नव्हता. गुण नादाचा की विश्रांतीचा, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून मावशी बरे वाटले म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा; पण त्या बळावर रक्तदाबाची गोळी बंद करते म्हणाली, तर तिला डॉक्टरांकडे न्या.

जाताना पांघरूण न्यावे, कारण निश्चल पडल्यावर थंडी वाजते. मोठ्या थाळीच्या अगदी जवळची जागा घेऊ नये. ज्यांच्या कानात सतत गुणगुण होते त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शेजारचा घोरू लागेल, एखाद्याच्या डोळ्यांत पाणीही येईल, दोन्ही नेहमीचेच. संपल्यावर मात्र आधी कुशीवर वळून मग बसावे. एकदम उठले तर भोवळ येऊ शकते.

शिक्षकांना वर्गात हे तपासून पाहता येईल. नाणेफेक करून वर्गाचे दोन गट पाडा. एक गट पंधरा मिनिटे नुसता पडून राहील, दुसरा कासे किंवा पितळेच्या भांड्याचा नाद ऐकत पडेल. आधी व नंतर प्रत्येकाची नाडी मिनिटभर मोजा. दुसऱ्या दिवशी गट बदला. नाडी मात्र दुसऱ्याने मोजावी. पडलेल्यानेच मोजायची म्हटली, तर त्याला आकडे चुकण्याचीच काळजी लागून राहते.